रिकामं तोंड

हे घडलं दोन हजार तीन साली. मी बासष्ट वर्षांची होते, दादा पासष्टचा. खुर्च्या-सोफे मढवायचं आमचं दुकान तेव्हा अजून चालू होतं. एक तरुण नवरा-बायको कापड निवडायला आले होते आणि मी त्यांना सांगत होते की हा निळा रंग दोन वर्षांत विटेल, तुम्ही करडा घ्या. तो मुलगा मध्येच म्हणाला, "मावशी, आधी तोंडातला खिळा काढा आणि मग बोला. काही कळत नाही." बायको त्याला कोपराने ढोसून हसली. मीही हसले. त्यांनी निळंच घेतलं आणि गेले. मी काउंटरमागे उभी राहिले आणि जीभ उजव्या गालाकडे नेली. माझ्या तोंडात खिळा नव्हता. तोंडात खिळे धरायचं मी दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. गालाच्या आतल्या बाजूला, दोन्ही दाढा मिटतात बरोबर त्या रेषेवर, वाटाण्याएवढी गुळगुळीत गाठ होती. ती काही नवीन नव्हती. मी तिला जिभेने ढकलत होते, दातांखाली हलकेच धरत होते, सोडत होते, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. पण आता ती इतकी वाढली होती की परक्या माणसाला बोलण्यात ऐकू येत होती. मला एकदम असं वाटलं की त्या मुलाने मला पकडलं. तोंडात काहीतरी आहे आणि ते काढल्याशिवाय बोलता येणार नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं. दादाला मला एक गोष्ट सांगायची होती. ती सत्तेचाळीस वर्षं राहिली होती. ती सांगितली तर माझा दादा मला उरणार नाही, आणि नाही सांगितली तर जो उरला आहे तो माझा दादा नाही, अशा जात्याच्या दोन तळ्यांमध्ये मी इतकी वर्षं भरडत होते.

दुकान बाबांचं. लहानपणी घरापेक्षा तिथेच आम्ही जास्त वाढलो. काथ्याची धूळ, तरटाचा वास, उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्यांचे वर आलेले पाय. बैठकीवर कापड ताणून धरायला डावा हात लागतो आणि ठोकायला उजवा, म्हणून खिळे तोंडात. हातोडीच्या एका टोकाला चुंबक. उजव्या गालात मूठभर बारीक खिळे भरायचे, जिभेने एकेक सुटा करायचा, डोकं पुढे आणून ओठांत धरायचा, हातोडी ओठांजवळ नेली की खिळा टक्कन तिला चिकटतो, मग ठोक. सरावाने हे श्वास घेण्याइतकं सोपं होतं. बाबांचे नियम होते. तोंडात खिळे असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. आणि भरलेलं तोंड खाली थुंकायचं नाही, कारण जमिनीवर पडलेला खिळा कुणाच्या तरी पायात जातो. कामगार कामावर असताना दुकान अगदी मुक्यांचं असायचं, नुसती टकटक. मी दहा वर्षांची असल्यापासून खिळे धरायला लागले आणि दादापेक्षा भराभर ठोकायला लागले. दादा मला 'डबी' म्हणायचा, खिळ्यांची डबी. "हिला बत्तिशी नाही, बावन्नशी आहे," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, आणि मला हसू आलं की नाक फुगवून, डोळ्यांत पाणी आणून मी ते गिळायची. मला हसवणं हा त्याचा खेळ होता. तो माझ्यासमोर बसून गिऱ्हाइकांच्या बसण्याच्या नकला करायचा. जाड बाई कशी बसते, वकील कसा बसतो, मूळव्याध असलेला मास्तर कसा बसतो. प्रत्येक कारागीर खुर्चीच्या पोटाला, आतल्या लाकडावर, खडूने आपली खूण करत असे. बाबांची फुली, दादाचा गोल. मला खूण नव्हती. मुलीने मढवलेली खुर्ची आहे हे कुणाला कळलं तर गिऱ्हाईक जाईल, असं बाबांचं म्हणणं. म्हणून मी केलेल्या खुर्च्यांवरही दादाचा गोल असायचा. मीच तो काढायची. दादाला त्याचं काही नव्हतं. "माझ्या नावावर चांगलं काम जमा होतंय, होऊ दे की," म्हणायचा.

गाठ पहिल्यांदा काढली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मुलगी गालात काय धरून बसते, असं बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी आईला विचारलं होतं. दाताचा डॉक्टर म्हातारा होता, हात जाड. त्याने चिमट्याने गाठ ओढून धरली आणि सुरीने मुळापासून कापली. बधिर केलं होतं, तरी कापल्याचा आवाज मला कवटीत ऐकू आला, ओलं तरट कात्रीने कापावं तसा. तोंड रक्ताने भरलं. ते गिळू की थुंकू हे न कळून मी ते धरून ठेवलं, आणि तो ओरडला, "अगं थुंक की! कुणासाठी साठवतेस?" दोन टाके घातले. गाठ एका बशीत ठेवून त्याने मला दाखवली. पांढरट, गोल, अगदी निरुपद्रवी दिसत होती. "यात काही नाही," तो म्हणाला. "जखम झालेल्या जागी मांस वाढलंय. पण गाल चावायची सवय सोड, नाहीतर परत येईल." आली. दोन वर्षांत आली. मी गाल कधी चावते ते मला माहीत होतं. दादा त्याचा कान कसा गेला ती हकीकत सांगायला लागला की. माझ्या लग्नात त्याने ती माझ्या नवऱ्याला सांगितली, मुलीच्या बारशाला सगळ्यांना सांगितली, नवरा गेला तेव्हा सांत्वनाला आलेल्यांनाही सांगितली. दरवेळी तो तोंड भरून सांगायचा आणि दरवेळी माझ्या दाढा मिटायच्या. नवरा बिचारा म्हणायचा, "तू झोपेत काहीतरी चावत असतेस." मी म्हणायची, तुझं डोकं.

तर तो निळ्या कापडवाला मुलगा बोलला त्या वर्षी मी पुन्हा गाठ काढायची ठरवली आणि दादा माझ्याबरोबर आला. डॉक्टरीणबाई तिशीची असेल, केस बांधलेले, बोलणं भराभर. "मावशी, घाबरू नका. लेझरने काढू. रक्त नाही, टाके नाहीत. दिसायला साधीच गाठ वाटते, पण तपासायला मात्र पाठवू. या वयात अंदाजावर सोडायचं नाही." शेवटचं वाक्य तिने खाली बघून म्हटलं. मी तिथल्या तिथे मनाशी एक सौदा केला. वाईट निघाली तर दादाला सांगायचं. मरणाऱ्या बाईला माफ करतात. चांगली निघाली तर गप्प बसायचं. किती हलकं वाटलं मला! निर्णय कुठल्याशा प्रयोगशाळेतला कुणी अनोळखी माणूस घेणार होता. तिने मला हिरवा जाड चष्मा घातला, स्वतः घातला, आणि दादा आत बसायचा हट्ट धरून बसला म्हणून त्यालाही एक दिला. गालात सुई टोचली. मग गाठीतून तिने दोरा ओवला आणि तो मदतनीस बाईच्या हातात दिला. "धरून ठेवायला," म्हणाली. माझ्या गालाचा तो भाग दोऱ्याने वर उचलला गेला, बैठकीचं कापड ताणून धरतात तसा. जबड्यात रबराचा ठोकळा. पिपाणीसारखा बारीक आवाज सुरू झाला आणि लगेच वास आला. जळलेल्या केसांचा, जळलेल्या मांसाचा. नळी तो धूर ओढत होती, तरी वास घशात उतरत होता. आपलंच मांस जळताना आपल्यालाच वास येतो आणि दुखत मात्र नाही, ही गोष्ट मला फार भयंकर वाटली.

आणि दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर, हिरव्या चष्म्यात, सांगायला लागला. "डॉक्टर, ही गाठ कशी आली सांगू? हिच्या तोंडात खिळे होते."

"अय्या, खिळे? खरे?"

"खरे म्हणजे! मूठभर. मी अठराचा, ही पंधराची. हिने मढवलेल्या खुर्चीत एक खिळा उभा राहिला आणि शाळेच्या मुख्य बाईंच्या नको त्या जागी घुसला. बाई तरातरा दुकानात आल्या, मागून शिपाई, खुर्ची डोक्यावर उलटी, बैलासारखी शिंगं वर. बाबा म्हणाले, बाई, बसा तरी. त्या म्हणाल्या, बसू? तुमच्या खुर्चीवर? पुन्हा?" मदतनीस बाई हसली आणि दोरा हलला. "बाबांनी खुर्ची उलटी केली. खूण माझी. मला माहीत होतं काम हिचं आहे. मी हिच्याकडे पाहिलं. हिचा गाल हा एवढा फुगलेला. तोंडात खिळे, बिचारी बोलणार कशी? नाहीतर माझी डबी गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, जाऊ दे, आपण खाऊ मार. बाबांनी नवार ताणायची फळी घेतली, टोकाला दाते असतात तिच्या, आणि ती या कानावर. फुटला तो फुटलाच. मी मार खाल्ला, पण बघा, एक शब्द बोललो नाही."

मी घशातून आवाज काढला. डॉक्टरीणबाई थांबली. "दुखतंय, मावशी? दुखलं तर हात वर करा." मी हात वर केला. तिने आणखी एक इंजेक्शन दिलं.

ते असं नव्हतं. मुख्य बाई आल्या तेव्हा मी बाकावर बसून कापडाला खडूने रेघा मारत होते. माझं तोंड रिकामं होतं. बाबांनी खुर्ची उलटी केली, गोल पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाइकासमोर अपमान झाला की ते आधी पांढरे पडायचे. त्यांनी भिंतीवरची फळी काढली. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दादा तरटाची घडी घालत होता, अजून त्याचं लक्ष नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. 'बाबा, ती मी केली.' माझ्यासमोर डबी उघडी होती. मी मूठ भरली आणि तोंडात कोंबली. जिभेने लावून घ्यायला वेळ नव्हता, टोकं कशीही. तेवढ्यात बाबा ओरडले, दादाने मान वर केली, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या गालाकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. त्याने मला समजून घेतलं. तो बाबांकडे वळला आणि म्हणाला, "हो, माझीच." पहिला फटका दंडावर. दुसरा कानावर, दात्यांच्या बाजूने. आवाज मोठा नव्हता. ओल्या काथ्यावर काठी मारावी तसा. माझा जबडा आपोआप मिटला आणि एक खिळा गालातून आरपार गेला, बाहेर त्याचं टोक आलं. मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण मला बरं वाटलं, की मलाही काहीतरी लागलं. दादा खाली पडला होता, कानातून रक्त येत होतं आणि ते तरटात जिरत होतं. मुख्य बाई "अहो पुरे, अहो पुरे" म्हणत मागे सरकत होत्या आणि बाबा मारतच होते. आईने मागून येऊन फळी धरली तेव्हा तिचा तळवाही फाटला. सगळं थांबल्यावर मी नियमाप्रमाणे खिळे डबीत थुंकले. लाल झाले होते. पुढच्या महिन्यात दादाला वायरलेस ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला जायचं होतं, पत्र आलं होतं. कानाच्या तपासणीत नापास झाला. खोक्यांच्या कारखान्यात लागला आणि चाळीस वर्षं खोकी चिकटवत राहिला. दुकानात पुन्हा काम केलं नाही. दुकान मला मिळालं. मी मढवलेल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटावर मी त्याचा गोल काढत राहिले.

आठवड्याने डॉक्टरीणबाईचा फोन आला. "मावशी, पेढे द्या! एकदम साधी गाठ. काही भीती नाही." मी हो-हो केलं, फोन ठेवला आणि दुकानातल्या अर्धवट खुर्चीवर बसले. माझी सुटका झाली होती. आणि मला ती नको होती, हे मला बसल्यावर कळलं. मी त्या गाठीच्या आड लपले होते, तशी खिळ्यांच्या आड लपले होते. आता गालात फक्त पिवळसर खपली होती आणि जिभेला तिथे काहीच सापडत नव्हतं.

रविवारी दादा नेहमीसारखा वर्तमानपत्र घेऊन आला. दुकान अर्धं बंद होतं. "डबे, बातमी काय? जगलीस ना?"

"जगले. दादा, चांगला कान इकडे कर."

"तोच आहे. बोल."

"त्या दिवशी माझं तोंड रिकामं होतं."

तो हसला. "रिकामं कसं? मी पाहिला ना गाल."

"तू पाहिलास तेव्हा भरलेलं होतं. बाबांनी फळी उचलली तेव्हा रिकामं होतं. मधल्या वेळात मी भरलं. बोलायला लागू नये म्हणून."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, आणखी एक घातली. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, तेच शब्द. त्याने वाईट कानातलं ऐकायचं यंत्र काढून बाकावर ठेवलं. ते बारीक शिट्टी वाजवत राहिलं. मग तो उठला आणि भिंतीवरची फळी काढली. तीच फळी, मी रोज वापरत होते. मी उभी राहिले. मला वाटलं, आता. खरं सांगते, मी कान पुढे केला. त्याने ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर मारली. दात्यांनी कापड फाटलं. पुन्हा मारली. तरट फाटलं, काथ्या उडाला, एक स्प्रिंग उसळून त्याच्या मनगटाला लागली, तरी मारत राहिला. पासष्ट वर्षांचा माणूस, तोंडातून आवाज नाही. मारता मारता तो हुबेहूब बाबांसारखा दिसायला लागला, पांढराफटक. आयुष्यात त्याने कुणाला चापटही मारली नव्हती. खुर्चीची लाकडं उघडी पडली तेव्हा थांबला. मग बाकावरची खिळ्यांची डबी उचलून माझ्यासमोर धरली.

"भर."

"दादा—"

"भर म्हणतो ना. तेव्हा कशी भरलीस, दाखव. मला पाहायचंय."

मी मूठ भरली. ते तेलकट, धुळीचे खिळे होते, तोंडात धरायचे नव्हतेच. मी ते उजव्या गालात कोंबले. खपली गेली. तोंडात लोखंडाची आणि रक्ताची चव एकच असते, हे मला आठवलं. तो माझ्या गालाकडे बघत होता, अगदी जवळून, डॉक्टरीणबाईने पाहिलं होतं तसं.

"आता बोल," तो म्हणाला. "बोल ना."

लाळ आणि रक्त हनुवटीवरून गळ्यात आलं.

"मी लोकांना काय सांगत आलो इतकी वर्षं?" त्याचा आवाज आता खाली आला होता. "कारखान्यात सांगितलं. बायकोला सांगितलं. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं, बाकी सगळी खोकीच होती. तुझ्या मनावरचं उतरावं म्हणून तू माझं तेवढंही घेतलंस? नसतं सांगितलंस तर मेली असतीस का?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही माहीत नाही. त्याने माझ्या तोंडाखाली तळवा धरला. "थुंक." मी त्याच्या तळव्यात थुंकले. त्याने ते खिळे डबीत टाकले, झाकण लावलं, हात पँटला पुसला, फळी भिंतीवर सरळ टांगली आणि गेला. यंत्र बाकावर विसरला. ते संध्याकाळपर्यंत वाजत होतं, मग बॅटरी संपली.

तो चार रविवार आला नाही. पाचव्या रविवारी आला, यंत्र घेतलं, पाऊस-पाणी बोलला, चहा घेतला. पुढेही येत राहिला. मला डबी म्हणायचं मात्र सोडलं, नावाने हाक मारायला लागला. माझं नाव त्याच्या तोंडून मला शेवटपर्यंत परक्याचं वाटलं.

बाबा फार आधीच गेले होते. शेवटच्या आजारात त्यांना खुर्चीत बसवलं की ते हात खाली घालून लाकडावरची खूण चाचपायचे. आईच्या तळव्यावर शेवटपर्यंत चार ठिपके होते, तो हात ती पदराखाली दडवायची. मुख्य बाई नव्वदीपार जगल्या, आणि त्यांची नात मला सांगत होती की कुठेही गेल्या तरी बसण्याआधी खुर्ची तळव्याने दाबून बघायच्या. डॉक्टरीणबाईचा आता तीन मजली दवाखाना आहे, ती अजून फोनवर विचारते, गाठ परत आली का? नाही आली. जागा गुळगुळीत आहे. दुकान मी दोन हजार सहा साली बंद केलं. त्या रविवारनंतर मी ज्या खुर्च्या मढवल्या त्यांच्यावर कसलीच खूण केली नाही. तिथे आता मोबाईल विकतात. फळी मी तिथेच भिंतीवर सोडली. मोबाईलवाला मुलगा म्हणाला, "आजी, हे काय आहे?" म्हटलं, जुनं लाकूड आहे, टाकून दे.

दादा दोन हजार नऊ साली गेला. दवाखान्यात भरती केलं त्या दिवशी मी शेजारी होते. नर्स कागद भरत होती. तिने त्याचा कान पाहिला, वरच्या कडेवरचे जुने व्रण पाहिले, आणि मोठ्याने विचारलं, "आजोबा, हा कान कधीपासून?" असा प्रश्न आला की पूर्वी तो उशीला टेकून, पाय लांब करून सुरू व्हायचा. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, गालाकडे. बराच वेळ पाहिलं.

"जन्मापासून," तो म्हणाला.

नर्सने तसं लिहून घेतलं. माझं तोंड रिकामं होतं. मी काही बोलले नाही.